पंथाच्या हातीं पडलेलें विष

विषारी वायु म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें पहिल्या महायुद्धांतील खंदक उभे राहतात. बेल्जममधील ईप्र या गांवाजवळ १९१५ च्या एप्रिल महिन्याच्या २२ तारखेस संध्याकाळच्या सुमारास जर्मन सैन्यानें क्लोरीन वायूचीं हजारों नळकांडीं उघडलीं आणि हिरवट पिवळा ढग वाऱ्याबरोबर समोरच्या खंदकांवर सरकत गेला. चारच दिवसांनीं, त्याच रणभूमीवर लाहोर डिव्हिजनमधील हिंदी शिपाईहि त्या धुरांत सांपडले. ही युक्ति फ्रिट्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञाची. हवेंतील नत्रवायूपासून अमोनिया करण्याची कृति त्यानेंच शोधून काढली होती, आणि तिच्या जोरावर आज जगांतील शेतें खत खात आहेत. एकाच डोक्यांतून अन्न आणि विष हीं दोन्ही निघावीं यांत त्या काळीं कोणास फारसें नवल वाटलें नाहीं.

त्यापुढची हकीकत राष्ट्राराष्ट्रांची आहे. १९२५ सालीं जिनीव्हा येथें अशा वायूंचा युद्धांत वापर करूं नये असें ठरलें. परंतु ते बनवूं नयेत, साठवूं नयेत, असें ठरलें नाहीं. १९३८ सालीं जर्मनींत गेरहार्ट श्राडर व त्याचे सहकारी पिकांवरील किडे मारण्यासाठीं नवें औषध शोधीत असतां त्यांच्या हातीं एक असें द्रव्य लागलें कीं तें किड्यांपेक्षां माणसासच अधिक घातक ठरलें. चौघा संबंधितांच्या नांवांतील अक्षरें घेऊन त्याचें नांव 'सारिन' ठेवण्यांत आलें. माणसाच्या मज्जातंतूंकडून स्नायूंना जो हुकूम जातो, तो पोंचल्यावर पुसून टाकण्याची एक व्यवस्था शरीरांत असते. सारिन ती व्यवस्थाच बंद पाडतें. हुकूम पुसला जात नाहीं, स्नायु आंवळलेलेच राहतात, डोळ्याची बाहुली टांचणीच्या डोक्याएवढी होते, आणि शेवटीं श्वास थांबतो. आपल्याकडे कापसावर फवारावयाच्या कित्येक औषधांचें कूळ हेंच आहे. यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं फवारणी करतां करतां जे शेतकरी व मजूर दगावले, त्यांच्यावर ओढवलेलें संकट याच नात्यांतलें होतें. सारिन हा त्या कुळांतील अतिशय दुष्ट पुरुष, एवढाच फरक.

हिटलरच्या जर्मनीनें सारिन बनविलें, पण रणांगणावर वापरलें नाहीं. इराकच्या सत्ताधीशानें मात्र १९८८ च्या मार्चमध्यें हलब्जा या कुर्दी गांवावर विषारी वायु सोडून हजारों माणसें मारलीं. जगाची झोंप मोडली ती तेव्हां, आणि १९९३ च्या जानेवारींत पॅरिस येथें १३० राष्ट्रांनीं एक मोठा करार केला. रासायनिक अस्त्रें वापरावयाचीं नाहींत, बनवावयाचीं नाहींत, जीं असतील तीं नष्ट करावयाचीं. हिंदुस्थाननेंहि त्यावर सही केली आणि पुढें २००९ पर्यंत आपला सांठा नष्ट करून टाकला. जपाननेंहि सही केली. आणि त्याच १९९३ सालीं, त्याच जपानांत, फूजी पर्वताच्या पायथ्याशीं कामिकुइशिकी नांवाच्या खेड्यांत एका धार्मिक पंथाची तिमजली इमारत बांधून पुरी झाली. तिच्या आंत सारिन बनविण्याचा कारखाना होता.

करारावर सह्या करतात त्या राज्यांच्या. ज्याला राज्य नाहीं, सीमा नाहीं, वकील नाहीं, अशी एखादी मंडळी हें अस्त्र हातीं घेऊं लागली तर काय, हा प्रश्न पॅरिसच्या सभागृहांत कोणी फारसा विचारला नसावा. तसें पाहिलें तर बंडखोरांच्या हातीं विषारी वायु पूर्वीहि गेला होता. लंकेंत १९९० च्या जूनमध्यें तमिळ वाघांनीं किरण येथील लष्करी छावणीवर क्लोरीन सोडला. तो त्यांनीं एका कागदाच्या गिरणींतून आणलेला होता. पुढें २००७ सालीं इराकांत क्लोरीनच्या टाक्या स्फोटकांबरोबर मालमोटारींत भरून उडविण्यांत आल्या. पिण्याचें पाणी शुद्ध करावयाचा तो क्लोरीन. हे सर्व प्रकार क्रूर खरे, पण तेथें अस्त्र हाताला लागलेलें होतें; घडविलेलें नव्हतें. स्वतःचे रसायनशास्त्रज्ञ, स्वतःचा पैसा आणि स्वतःची इमारत घेऊन सारिन घडविणारी खासगी मंडळी पहिल्यानें निघाली ती जपानांत, आणि तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

त्या पंथाचें नांव 'ओम् शिनरिक्यो'. शिनरिक्यो म्हणजे सत्याची शिकवण. पहिलें अक्षर आपलें आहे. आपल्याकडे मंगलारंभीं ज्याचा उच्चार होतो तेंच. इमारतींना 'सत्यम्' हें नांव देऊन त्यांवर क्रमांक घातलेले, अनुयायांच्या छातीवर 'पुरुष' नांवाचें पदक, आणि आराध्य दैवत शिव. आपल्या घरांतले शब्द असे परक्या मुलुखांत भलत्याच माणसाच्या तोंडीं ऐकले म्हणजे जीव चमकतो. परंतु शब्दांना पाय फुटले म्हणजे ते कोठें जातील याचा नेम नसतो, हें कबूल केलेलें बरें.

संस्थापकानें स्वतःस 'आसाहारा शोको' हें नांव घेतलें होतें. मूळचा तो मात्सुमोतो चिझुओ. १९५५ सालीं क्यूशू बेटावर एका गरीब चटईवाल्याच्या घरीं जन्मला. एक डोळा अधू, दुसरा जवळजवळ गेलेला. अंधांच्या शाळेंत वाढला, सुया टोचून रोग बरे करण्याचा धंदा शिकला, आणि १९८२ सालीं बनावट औषधें विकल्याबद्दल पकडला गेला. १९८४ सालीं टोकिओंत त्यानें योगाचा एक लहानसा वर्ग काढला. १९८६ सालीं हिमालयांत जाऊन आला आणि आपणांस अंतिम ज्ञान झालें असें सांगूं लागला. दलाई लामांच्या शेजारीं उभें राहून काढलेलें त्याचें छायाचित्र पंथाच्या पुस्तिकांतून झळकलें. दहा वर्षांच्या आंत या योगाच्या वर्गाचे जपानांत सुमारें १०,००० अनुयायी झाले, रशियांत त्याहून अधिक. आणि हजाराहून अधिक लोक घरदार, पैसाअडका पंथाच्या स्वाधीन करून त्याच्या मठांत राहूं लागले.

हे लोक कोण होते, याकडे मी आपलें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. फसविलेलीं भोळीं माणसें म्हणून त्यांची वासलात लावतां येत नाहीं. सारिन बनविण्याच्या कामावर मुख्य होता तो त्सुचिया मासामी, त्सुकुबा विद्यापीठाचा सेंद्रिय रसायनशास्त्रांतील पदव्युत्तर विद्यार्थी. सर्व कारखान्यांचा प्रमुख मुराई हिदेओ, ओसाका विद्यापीठांत खगोलपदार्थविज्ञान शिकलेला. टोकिओच्या भुयारी रेल्वेंत ज्यांनीं प्रत्यक्ष विष सोडलें त्या पांचांपैकीं एक टोकिओ विद्यापीठाचा पदार्थवैज्ञानिक, एक वासेदा विद्यापीठाचा, आणि एक हायाशी इकुओ नांवाचा हृदयाचा शल्यवैद्य, केइओ विद्यापीठांत शिकलेला. ज्या घरांतून हीं मुलें आलीं तीं घरें तुमच्या आमच्या घरांसारखीं होतीं. रात्री अभ्यासाचा दिवा जळत असे, प्रवेशपरीक्षेच्या निकालाच्या दिवशीं आई देवळांत जात असे. मग असें काय झालें?

याचें उत्तर एका वाक्यांत देणारे पुष्कळ भेटतात. मला तें साधत नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं यांतील बहुतेकांना मोठ्या कंपनींतील किंवा प्रयोगशाळेंतील आखीव आयुष्य पोकळ वाटूं लागलें होतें. आसाहारानें त्यांना मोक्ष देऊं केला आणि त्याबरोबर एक प्रयोगशाळाहि दिली. तेथें वरिष्ठांच्या मर्जीची वाट पहावी लागत नसे. शिवाय पंथानें एक तिबेटी शब्द उचलला होता : 'फोवा'. मरणाच्या वेळीं जीवाला वरच्या लोकीं धाडण्याचा तो विधि. पंथांत त्याचा अर्थ हळूहळू असा झाला कीं, जो पापें करीत आहे त्याला ठार मारणें म्हणजे त्याच्यावर उपकार करणें. खुनाला अशी पवित्र संज्ञा मिळाली कीं शिकलेल्या मनालाहि त्यांतून वाट काढणें सोपें जातें. किंबहुना शिकलेल्या मनालाच सोपें जातें, कारण त्याला युक्तिवादाची संवय असते.

पंथाचा पहिला उघड विरोधक साकामोतो त्सुत्सुमी हा योकोहामाचा तरुण वकील. ज्या आईबापांचीं मुलें मठांत जाऊन परतलीं नाहींत, त्यांची बाजू त्यानें घेतली होती. १९८९ च्या नोव्हेंबरांत एका पहाटे तो, त्याची बायको व एक वर्षाचा मुलगा असे तिघेहि घरांतून नाहींसे झाले. घरांत पंथाचें एक पदक पडलेलें सांपडलें. एवढा पुरावा हातीं असतांहि तपास जागच्या जागीं राहिला, आणि प्रेतें मिळालीं तीं जवळजवळ सहा वर्षांनीं. पुढें १९९६ सालीं एका दूरचित्रवाणी कंपनीनें असेंहि कबूल केलें कीं, साकामोतोची घेतलेली मुलाखत प्रसिद्ध होण्यापूर्वींच तिनें ती पंथाच्या माणसांना दाखविली होती.

पोलीस इतके मागें कां राहिले? त्यांना नुसतें आळशी म्हणून चालणार नाहीं. जपानच्या इतिहासांत याचें एक कारण दडलेलें आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं तेथील सरकारनें धर्मपंथांवर पोलीस घालून त्यांची मंदिरें पाडलीं होतीं; ओमोतो पंथाचा १९२१ आणि पुन्हां १९३५ सालीं केलेला छळ जुन्या लोकांच्या स्मरणांत होता. म्हणून १९४७ च्या राज्यघटनेनें धर्मस्वातंत्र्याची हमी दिली, आणि १९५१ च्या कायद्यानें नोंदलेल्या धर्मसंस्थांच्या कारभारांत सरकारनें ढवळाढवळ करूं नये अशी व्यवस्था केली. ही व्यवस्था चांगल्या हेतूनें व खऱ्या अनुभवानें झालेली होती. १९८९ च्या ऑगस्टांत ओम् शिनरिक्योची नोंद झाली, आणि जें कुंपण दुबळ्या श्रद्धावानांसाठीं घातलें होतें त्याच्या आंत एक निराळाच प्राणी जाऊन बसला.

१९९० सालीं आसाहारा व त्याचे २४ शिष्य संसदेच्या निवडणुकीस उभे राहिले. सर्वच्या सर्व पडले. गुरूस स्वतःस दोन हजारहि मतें मिळालीं नाहींत. त्या दिवसापासून जगबुडीच्या भविष्यांना जोर चढला, आणि ती बुडी आपणच आणावी असा विचार मूळ धरूं लागला. प्रथम रोगजंतूंचे प्रयोग झाले. ते साफ फसले. १९९३ च्या उन्हाळ्यांत टोकिओच्या कामेइदो भागांतील पंथाच्या इमारतीच्या गच्चीवरून अँथ्रॅक्सचे जंतु हवेंत सोडण्यांत आले. पण जंतूंची जात निरुपद्रवी, गुरांना लस टोचण्यासाठीं वापरतात ती, निघाली. शेजाऱ्यांना झाली ती नुसती असह्य दुर्गंधि. त्यांनीं तक्रारी केल्या. अधिकारी येऊन पाहून गेले. दुर्गंधीचें पुढें कांहीं झालें नाहीं.

या सबंध हकीकतींत नाकानें डोळ्यांच्या व कानांच्या आधीं काम केलें आहे, आणि नाकाची साक्ष कोणी घेतली नाहीं. कामिकुइशिकीचें तेंच. सातव्या 'सत्यम्'मध्यें यंत्रांच्या पुढें शिवाचा प्रचंड मुखवटा उभा केला होता, येणाराला तें देवालय वाटावें म्हणून. तेथें सत्तर टन सारिन बनविण्याचा बेत होता. तेवढें तें कधींच बनलें नाहीं, कारण यंत्रें गळत, कामगार शिष्यांना विषबाधा होई, आणि काम अर्ध्यावर थांबे. परंतु गळालेलें तें बाहेर जाई. १९९४ च्या जुलैंत खेड्यांतील लोकांनीं उग्र वास येतो, झाडें वाळतात, म्हणून गाऱ्हाणें केलें. तीं खेडुत माणसें, त्यांच्यासमोर नोंदलेली धर्मसंस्था. इकडे पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास, पश्चिम ऑस्ट्रेलियांतील बंजावार्न नांवाचें विस्तीर्ण मेंढवाडें पंथानें १९९३ सालींच विकत घेतलें होतें, आणि तेथील मेंढ्यांवर विषाची परीक्षा झाली होती. तीहि कोणाच्या लक्षांत आली नाहीं.

त्या जुलैच्या आधीं थोडे दिवस, २७ जून १९९४ च्या रात्रीं, मध्य जपानांतील मात्सुमोतो शहरांत लोक झोंपेंतच गुदमरूं लागले. पंथाचा तेथें जमिनीविषयीं दावा चालू होता आणि निकाल विरुद्ध जाण्याचीं चिन्हें होतीं. म्हणून न्यायाधीशांच्या निवासस्थानाशेजारीं एका मालमोटारींतून सारिन सोडण्यांत आलें. न्यायाधीश आजारी पडले, पण वांचले. त्यांच्या आसपास राहणारे सात जण मेले, सुमारें सहाशेंना बाधा झाली. (संस्थापकाचें मूळ आडनांव आणि शहराचें नांव एक असणें हा निव्वळ योगायोग.) आठवड्याभरांत तज्ज्ञांनीं हें सारिन आहे असें ओळखलेंहि. आतां प्रश्न उरला कोणी सोडलें हा.

ज्या गृहस्थानें त्या रात्रीं प्रथम मदतीसाठीं फोन केला, त्याचें घर विष सोडलें त्या जागेला लागून होतें. तो स्वतः आजारी होता, त्याची पत्नी बेशुद्ध झाली ती शुद्धीवर आली नाहीं. त्याच्या घरीं छायाचित्रणाच्या छंदासाठीं ठेवलेलीं कांहीं रसायनें सांपडलीं. तेवढें पुरें झालें. पोलिसांनीं त्याच्या घराची झडती घेतली, तासन्‌तास जबान्या घेतल्या, आणि वर्तमानपत्रांनीं बागेचें औषध कालवतां कालवतां यानेंच हें विष केलें असावें असें छापलें. असल्या साध्या रसायनांपासून बागेंत उभ्या उभ्या सारिन होत नाहीं, हें कोणाहि जाणत्या रसायनज्ञास विचारून घेतां आलें असतें. पण लोकांना गुन्हेगार हवा होता, आणि हा हाताशीं होता. खरा कारखाना फूजीच्या पायथ्याशीं चालूच होता. त्याच १९९४ च्या डिसेंबरांत ओसाकांत पंथानें एका माणसाचा खून व्हीएक्स नांवाच्या, सारिनहूनहि तीव्र अशा, विषानें केला. कामिकुइशिकीच्या मातींत सारिनचे अवशेष सांपडल्याची बातमी १ जानेवारी १९९५ च्या एका मोठ्या वर्तमानपत्रांत आली, तेव्हां पंथानें घाईघाईनें सांठा नष्ट केला; आणि १७ जानेवारीस कोबे शहरीं भूकंप होऊन सारा देश तिकडे धांवला.

फेब्रुवारीच्या अखेरीस टोकिओंत पंथानें आणखी एका माणसास पळवून नेलें. या वेळीं पोलिसांनीं मठांवर छापे घालण्याचें ठरविलें. तारीख ठरली २२ मार्च. तिची कुणकुण पंथास लागली. २० मार्च, सोमवार, सकाळीं आठच्या सुमारास, तीन मार्गांवरील पांच भुयारी गाड्यांत पांच माणसें चढलीं. त्या सर्व गाड्या सरकारी कचेऱ्यांच्या कासुमिगासेकी भागाकडे जाणाऱ्या होत्या. हातांत छत्री, आणि वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या पातळ पिशव्या. छत्रीच्या टोंकानें पिशवी फोडून ते पुढच्या स्थानकावर उतरले. सत्तर टनांच्या कारखान्याचें अखेर हें फळ : घाईनें केलेलें अशुद्ध द्रव्य आणि छत्रीचें टोंक.

लोकांना काय होत आहे हेंच कळेना. कोदेनमाचो स्थानकावर एका प्रवाशानें तें ओलसर पुडकें गाडींतून फलाटावर लोटलें, आणि फलाटावरचीं माणसें कोसळूं लागलीं. कासुमिगासेकी स्थानकावर दोघा रेल्वे नोकरांनीं गाडी स्वच्छ व्हावी, वेळेवर सुटावी म्हणून तें पुडकें उचललें. ते दोघेहि मेले. एक गाडी तर विष घेऊन तासाहून अधिक वेळ धांवत राहिली. वेळापत्रकाशीं एवढें इमान राखणारें दुसरें शहर नसेल, आणि त्या सकाळीं त्या इमानानेंच घात केला.

सेंट ल्यूक्स रुग्णालयाची गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. एकाच दिवशीं तेथें ६४० रोगी आले. हें रुग्णालय थोड्याच वर्षांपूर्वीं नव्यानें बांधलें होतें, आणि त्याचे प्रमुख डॉ. हिनोहारा शिगेआकी यांनीं प्रार्थनामंदिराच्या व मार्गिकांच्या भिंतींतूनसुद्धां प्राणवायूच्या नळ्या नेऊन ठेवल्या होत्या. लोक त्यास उधळपट्टी म्हणत. १९४५ च्या मार्चमध्यें अमेरिकन विमानांनीं टोकिओ जाळलें तेव्हां जागा नाहीं म्हणून जळालेलीं माणसें परत पाठवावीं लागलीं होतीं. तें हिनोहारा विसरले नव्हते. (हेच गृहस्थ १९७० सालीं लाल सेनेच्या तरुणांनीं पळविलेल्या विमानांतहि प्रवासी म्हणून होते. दैवानें कांहीं माणसांना असें नेमकें उभें केलेलें असतें.) त्या सोमवारीं त्यांनीं बाकीचें काम बंद करून सगळे दरवाजे उघडले, आणि प्रार्थनामंदिरांत खाटा पडल्या. रोग्यांच्या कपड्यांतील विषानें कित्येक परिचारिकांचे व डॉक्टरांचेहि डोळे अंधारले.

कोणतें विष हें डॉक्टरांना पोलिसांच्या आधीं कळलें, आणि कसें? मात्सुमोतोच्या रोग्यांवर ज्यांनीं उपचार केले होते त्या शिन्शू विद्यापीठांतील एका प्राध्यापकानें दूरचित्रवाणीवर तीं माणसें पाहिलीं, लक्षणें ओळखलीं, आणि टोकिओच्या रुग्णालयांना फोन करून कळविलें. शेतकी औषधांच्या विषबाधेवर जे दोन उतारे देतात, ॲट्रोपीन आणि पॅम, तेच येथें लागू पडतात. पण पॅमचा सांठा शहरांत अपुरा होता, कारण तो खेड्यांत लागणारा. नागोयाकडून तो शिंकान्सेन गाडीनें आणविण्यांत आला. म्हणजे टोकिओचे कित्येक प्राण वांचले ते मात्सुमोतोच्या अनुभवानें आणि शेतकऱ्यांच्या औषधानें.

बारा जण त्या वेळीं मेल्याचें जाहीर झालें. पुढें तेरावा धरला गेला. सहा हजारांहून अधिक लोकांस कमीअधिक बाधा झाली. हे आंकडे पाहून दोन प्रकारचीं मतें देतात. एक मत असें कीं, हें अस्त्र आतां कोणाच्याहि हातीं येईल व शहरेंच्या शहरें ओस पडतील. दुसरें असें कीं, एवढे शास्त्रज्ञ, एवढा पैसा आणि वर्षांचा अवकाश असूनहि तेराच मेले, त्यापेक्षां साधा बाँब अधिक मारतो, तेव्हां भीति व्यर्थ आहे. पहिलें मत मला भित्र्यांचें वाटतें आणि दुसरें निष्काळजी माणसांचें. सारिन बनविणें सोपें नाहीं हें या पंथानेंच सिद्ध केलें. पण या पंथाचें काम ज्या गोष्टीनें सोपें केलें ती रसायनशाळेंत नव्हती. आईबापांच्या तक्रारी, वकिलाच्या घरांतलें पदक, कामेइदोची दुर्गंधि, वाळलेलीं झाडें, मात्सुमोतोची रात्र : एवढे दुवे साडेपांच वर्षें वेगवेगळ्या पोलीस-कचेऱ्यांतून वेगवेगळ्या फायलींत पडून होते, आणि ते एकत्र मांडणारें एकहि टेबल त्या देशांत नव्हतें. त्यांत भर म्हणजे, सारिन बनविणें हा त्या वेळीं जपानांत स्वतंत्र गुन्हाच नव्हता! तसा कायदा झाला तो १९९५ च्या एप्रिलांत.

२२ मार्चला ठरल्याप्रमाणें छापे पडलेच. मुखवटे घातलेले पोलीस पिंजऱ्यांत कॅनरी पक्षी घेऊन मठांत शिरले. जुन्या काळीं खाणींत नेत तसे. मुराई हिदेओ यास एप्रिलांत वार्ताहरांच्या कॅमेऱ्यांसमोरच एकानें भोंसकलें. आसाहारा १६ मे रोजीं एका इमारतीच्या चोरकप्प्यांत नोटांच्या गड्ड्यांसह सांपडला. डॉक्टर हायाशीनें सर्व कबूल केलें, त्यामुळें अनेक गांठी सुटल्या आणि त्याला फांशीऐवजीं जन्मठेप मिळाली. ऑक्टोबरांत न्यायालयानें पंथाची धर्मसंस्था म्हणून असलेली नोंद रद्द केली व डिसेंबरांत धर्मसंस्थांचा कायदा बदलण्यांत आला. परंतु सबंध पंथावर बंदी घालावी ही मागणी १९९७ च्या जानेवारींत नेमलेल्या मंडळानें फेटाळली. युद्धपूर्व छळाची आठवण तेव्हांहि जिवंत होती, आणि मला वाटतें, तें बरेंच झालें. पंथाच्या शाखा निराळीं नांवें घेऊन पहाऱ्याखालीं उरल्या. आसाहारा व त्याचे बारा साथीदार यांना २०१८ च्या जुलैंत फांशी देण्यांत आलें.

राज्य नसलेल्या मंडळीच्या हातीं विष पडण्याची गोष्ट तेथें संपली नाहीं. सीरियांतील मारेआ गांवावर २०१५ च्या ऑगस्टांत मस्टर्ड वायूचे गोळे पडले, आणि ते इस्लामिक स्टेट या संघटनेनें सोडले असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनें काढला. मस्टर्ड हें पहिल्या महायुद्धांतलें जुनें विष. शंभर वर्षांनीं तें पुन्हां खेड्यावर आलें.

मात्सुमोतोच्या त्या गृहस्थाची, टोकिओच्या हल्ल्यानंतर, पोलिसांनीं व वर्तमानपत्रांनीं माफी मागितली. पुढें त्याच्याच प्रांतांत पोलिसांवर देखरेख करणाऱ्या मंडळावर त्याची नेमणूक झाली. शिक्षा भोगून सुटलेला पंथाचा एक माणूस त्याच्या बागेंत कामास येत असे, आणि तो त्याला येऊं देई. त्याची पत्नी चौदा वर्षें बेशुद्ध राहून २००८ च्या ऑगस्टांत वारली. मात्सुमोतोचा तो आठवा मृत्यु. टोकिओच्या हल्ल्यांत जखमी होऊन अंथरुणाला खिळलेली एक स्त्री, जी त्या सकाळीं ३१ वर्षांची होती, ती २०२० च्या मार्च महिन्याच्या १० तारखेस, पंचवीस वर्षें पुरीं होण्यास दहा दिवस उरले असतां, वारली. त्या विषानेंच मृत्यु आल्याचें ठरलें, आणि टोकिओच्या बळींची संख्या चौदा झाली.